फोनची किल्ली कोणाच्या हातात?

(जिल्ह्यातील स्त्री-संघटना व बचतगटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात केलेले हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



शिबिराच्या वेळापत्रकात माझ्या नावापुढे 'मोबाइल फोन आणि आपण' असा विषय लिहिलाय. सकाळी चहाच्या वेळी एका मावशींनी मला विचारलंच, "तू समाजकार्य शिकलीस की इंजिनिअरिंग?" मी एम. एस. डब्ल्यू. केलंय. फोनच्या आत काय असतं हे मला दीड वर्षापूर्वीपर्यंत अजिबात माहीत नव्हतं. मग मी या विषयावर का उभी राहिले? माझ्या हातून एक चूक झाली म्हणून. ती चूक आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं तुम्हाला माहितीपत्रकासारखं वाटणार नाही.

आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई येत होती. दोन मुलं, नवऱ्याची मारहाण, सासरी कोणी बाजूने नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आम्ही तिचा अर्ज केला होता. तिच्याकडे एक मोठा आधार होता. आठ महिन्यांत नवऱ्याने पाठवलेले धमक्यांचे आवाजी निरोप आणि काही फोनची रेकॉर्डिंग तिच्या फोनमध्ये होती. फोन जुना. आधी नवऱ्याने दोन-अडीच वर्षं वापरलेला, मग तिला दिलेला. सारखा हँग व्हायचा. एक दिवस ती म्हणाली, "ताई, पैसे पाठवायचं ॲप चालेना. फोन जुना झालाय म्हणतं. अपडेट करून घेऊ का?" मी फाइल लिहीत होते. मान वर न करता म्हटलं, "घे ना करून."

ती स्टँडजवळच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात गेली. तिथल्या मुलाने फोन पाहिला आणि खरं तेच सांगितलं, "याला कंपनीचं अपडेट आता येत नाही. मी दुसरं सॉफ्टवेअर मारून देतो, फोन नव्यासारखा पळेल. पाचशे रुपये." मग त्याने विचारलं, "डाटा उडेल, चालेल ना?" तिला 'डाटा' म्हणजे नेट पॅक एवढंच माहीत. ती म्हणाली, "चालेल, आजचं नेट संपलंच आहे."

संध्याकाळी फोन खरोखर नव्यासारखा पळत होता. रेकॉर्डिंग, निरोप, मुलांचे फोटो, सगळं गेलं होतं. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. आणि ज्या पैसे पाठवण्याच्या ॲपसाठी हा खटाटोप केला, ते या नव्या सॉफ्टवेअरवर उघडेचना. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात आली तेव्हा रागावलेली नव्हती. एवढंच म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना ताई, घे करून."

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने विचारलं होतं. तिलाही दोष देत नाही. जिने पदवी घेतली, जी 'माहितीपूर्ण संमती' या विषयावर कार्यकर्त्यांची प्रशिक्षणं घेते, त्या माझ्या तोंडून एका बाईच्या पुराव्याबद्दलचा निर्णय तीन शब्दांत निघून गेला. म्हणून हा विषय मी शिकायला बसले. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

अपडेट म्हणजे नेमकं काय?

फोन चालवणारी एक मूळ यंत्रणा असते. आपल्यापैकी बहुतेकींच्या फोनमध्ये ती 'अँड्रॉइड' असते आणि ती गुगल तयार करते. ही यंत्रणा माणसांनीच लिहिलेली, त्यामुळे तिच्यात फटी राहतात. कोणीतरी फट शोधतो, कोणी तिचा फायदा घेतो, मग ती बुजवावी लागते. जुन्या घराला पावसाळ्याआधी कौलं चाळतात, तसंच हे. २०१५ साली 'स्टेजफ्राइट' नावाची मोठी फट उघडकीला आली. नुसता एक मल्टिमीडिया निरोप पाठवून दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरता येण्याजोगी ती होती. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगल दर महिन्याला अशा फटींची यादी आणि त्यांवरची दुरुस्ती जाहीर करतं. हिला 'सिक्युरिटी पॅच' म्हणतात, म्हणजे सुरक्षिततेचं ठिगळ.

पण हे ठिगळ गुगलकडून थेट आपल्या हातात पडत नाही. मधे चिप बनवणारी कंपनी असते, मग फोन बनवणारी कंपनी. तिने आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी ते जुळवून घ्यायचं, तपासायचं आणि मग पाठवायचं. फोनवर 'अपडेट आलंय' असा निरोप दिसतो तो या सगळ्या प्रवासानंतर. या रस्त्याने, कंपनीच्या सहीशिक्क्याने येतं ते अधिकृत अपडेट. सहीशिक्का हा शब्द मी उगाच वापरत नाही. प्रत्येक अपडेटवर कंपनीची संगणकीय सही असते. फोन ती तपासतो, आणि सही जुळली तरच अपडेट आत घेतो.

एक फरक इथेच लक्षात ठेवूया. महिन्या-दोन महिन्यांनी येणारं छोटं सुरक्षा अपडेट वेगळं, आणि वर्षाने येणारं, सगळा चेहरामोहरा बदलणारं मोठं अपडेट वेगळं. छोटं लांबवू नये. मोठं आलं तर आठ-पंधरा दिवस थांबून, इतरांचे अनुभव ऐकून केलं तरी चालतं, कारण मोठ्या अपडेटनंतर जुने फोन मंदावतात, जागा कमी पडते.

फोनचं वय आणि बाईचा वाटा

अधिकृत रस्ता चांगला आहे, मग प्रश्न कुठे येतो? तो रस्ता एके दिवशी संपतो. कंपनी ठराविक वर्षंच अपडेट देते. २०१३ साली बाजारात आलेल्या आयफोन ५एसला २०२३ च्या जानेवारीत, म्हणजे नवव्या-दहाव्या वर्षीही, सुरक्षेची दुरुस्ती मिळाली होती. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षं अपडेट देऊ असं सांगितलं. पण हे सगळे महागडे फोन. आपल्या वस्तीत आठ-दहा हजारांचा फोन घेतला जातो. त्याला मिळणारी वर्षं मोजकी असतात, आणि ठिगळंही रखडत रखडत येतात.

आता याला घरातली रीत जोडून पाहा. नवा फोन कोणाला? नवऱ्याला किंवा कॉलेजातल्या मुलाला. त्याचा जुना फोन कोणाला? बाईला. ताटातलं उरलेलं जसं तिच्या वाट्याला, तसा हाही. म्हणजे फोन तिच्या हातात येतो तेव्हा त्याची अपडेटची वर्षं बहुधा संपत आलेली असतात. 'अधिकृत घेऊ की अनधिकृत?' हा प्रश्न तांत्रिक दिसतो. पण तो कोणापुढे अधिक वेळा उभा राहतो हे पाहिलं, की त्यात वर्गही दिसतो आणि लिंगभावही.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर निदान पाच वर्षं अपडेट उपलब्ध ठेवावी लागतात. ही मागणी ग्राहक चळवळीबरोबर आपणही लावून धरली पाहिजे. बाईच्या सुरक्षिततेची मागणी रस्त्यावरच्या दिव्यापुरती मर्यादित ठेवून आता भागणार नाही.

आणि 'अधिकृत' म्हणजे आपोआप आपल्या सोयीचं असंही समजू नका. अंगणवाडी सेविकांचं आंदोलन इथल्या अनेकींना आठवत असेल. काहीजणी त्यात होत्याच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन सरकारी, 'पोषण ट्रॅकर' हे ॲपही सरकारी. पण दोन जीबी रॅमचा फोन त्या ॲपच्या ओझ्याखाली बसायचा, ॲप इंग्रजीत, आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्या अंगावर. सगळं अधिकृत होतं, फक्त जिला ते वापरायचं तिला कोणी विचारलं नव्हतं.

अनधिकृत : एक शब्द, तीन गोष्टी

आता दुसरी बाजू. 'अनधिकृत' म्हटलं की आपल्याला सगळं एकाच पोत्यात भरायची सवय असते. पण त्यात निदान तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, स्वयंसेवकांनी उघडपणे तयार केलेली यंत्रणा. अँड्रॉइडचा गाभा सर्वांना खुला आहे. तो घेऊन जगभरातले तंत्रज्ञ जुन्या फोनसाठी नवी यंत्रणा जुळवतात. 'सायनोजेनमॉड' नावाचा असा मोठा प्रकल्प २०१६ च्या डिसेंबरात बंद पडला, आणि त्याच कामातून 'लिनिएजओएस' उभं राहिलं. ते आजही चालू आहे. कोणत्या फोनसाठी कोण काम पाहतं हे तिथे जाहीर असतं, काय बदललं हे कोणालाही वाचता येतं. कंपनीने टाकून दिलेल्या कित्येक फोनना या लोकांनी आणखी काही वर्षं जगवलं. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. आपली चळवळही अशीच पदरमोड करून चालत आलेली आहे.

पण त्याला मर्यादा आहेत. त्या सांगायला हव्यात. ही यंत्रणा घालण्यासाठी फोनचं एक मूळ कुलूप उघडावं लागतं. त्याला 'बूटलोडर' म्हणतात. कंपनीच्या सहीशिवाय काहीही चालू द्यायचं नाही, हे काम ते कुलूप करतं. ते उघडताना फोन आतलं सगळं पुसून टाकतो. हा त्याचा दोष नाही. चोराने कुलूप उघडलं तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून केलेली ती सोय आहे. पण आमच्या त्या बाईचा पुरावा त्या सोयीतच गेला. कुलूप उघडं राहिलं तर ज्याच्या हातात फोन काही वेळ पडेल त्याला आत काहीही घालणं सोपं होतं. फोन चालू करताना दर वेळी इशारा दिसतो तो यासाठीच. बँकेची आणि पैसे पाठवण्याची बरीच ॲप कुलूप उघडं आहे का हे तपासतात आणि असेल तर चालत नाहीत. शिवाय, चिपच्या आतला जो भाग फक्त कंपनीच दुरुस्त करू शकते, त्या फटी स्वयंसेवकांना बुजवता येत नाहीत. म्हणजे पडद्यावर नवं अँड्रॉइड दिसतं, पण पायातला काही भाग जुनाच असतो.

दुसरी गोष्ट, दुकानातल्या पेन ड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर. कोणी बनवलं? माहीत नाही. कुठून उतरवलं? 'नेटवरून.' कधी ते त्याच कंपनीचं, पण दुसऱ्या देशातल्या मॉडेलचं असतं. कधी कोणी आत काहीतरी मिसळलेलं असतं. पुढची ठिगळं कोण देणार? कोणी नाही. पहिल्या आणि दुसऱ्या गोष्टीत फरक आहे तो ओळखदेख असलेल्या सुईणीत आणि फलाटावर भेटलेल्या वैदूत असतो तेवढा.

तिसरी गोष्ट मुळात फोनचं अपडेटच नसते. व्हॉट्सॲपवर निरोप येतो : 'तुमचं व्हॉट्सॲप आजच अपडेट करा, नाहीतर बंद होईल.' खाली एक फाइल, जिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असं असतं. कधी ती आरटीओच्या चलानाच्या नावाने येते, कधी लग्नपत्रिकेच्या. दाबली की फोनमधले निरोप, बँकेचे ओटीपी दुसऱ्याच्या हातात. तसंच, जास्त सोयींचं म्हणून फिरणारं नकली व्हॉट्सॲप. ते मूळ कंपनीचं नाही. ते वापरणाऱ्यांची खाती कंपनी बंद करते, आणि तुमचे निरोप मधे कोण वाचतं याची खात्री कोणी देऊ शकत नाही. या तिसऱ्या प्रकारात विचार करण्यासारखं काही नाही. फाइल दाबायची नाही, पुढे पाठवायची नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करायची.

'त्यानेच अपडेट करून दिला'

या तीन प्रकारांपलीकडचा एक अनुभव सांगते. एक तरुण मुलगी केंद्रात आली. माहेरी कधी जाते, आईशी काय बोलते, केंद्रात कोणत्या वारी येते, नवऱ्याला सगळं कळायचं. तिला वाटायचं शेजारीण सांगते. बोलता बोलता ती म्हणाली, "फोनचं मला काही कळत नाही. मागच्या महिन्यात त्यानेच अपडेट करून दिला." फोन पाहिला तर यंत्रणेचाच भाग वाटावा अशा नावाचं एक ॲप होतं. त्याला फोनच्या पडद्यावरचं सगळं वाचायची परवानगी दिलेली होती. 'अपडेट' या शब्दाआडून पाळत आली होती.

त्या दिवशी ते ॲप लगेच काढून टाकायचा मोह मला झाला. आम्ही ते काढलं नाही. ॲप बंद पडल्याचं त्याला कळलं असतं, आणि त्या रात्री तिला त्याच घरात जायचं होतं. आधी तिच्या राहण्याची सुरक्षित सोय, मग वकिलाशी बोलणं, पडद्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवणं, आणि मग फोनचा निर्णय, असा क्रम ठेवला. तोवर केंद्राशी बोलायला तिने मावशीचा फोन वापरला. बाईचा इंटरनेटचा, ईमेलचा किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काचा वापर चोरून पाहणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३ पासून तो भारतीय दंड संहितेत ३५४-ड खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली आहे. लग्न झालं म्हणून बाईच्या फोनवर नवऱ्याचा सातबारा चढत नाही.

आमच्या केंद्रातला वाद

हे सगळं शिकल्यावर आमच्याच केंद्रात प्रश्न आला. आमच्याकडे देणगीत आलेले तीन जुने फोन होते. तिघांचीही कंपनीची अपडेट संपलेली. मी बैठकीत म्हटलं, हे वापरू नयेत, नवे घेऊ. त्यावर आमची एक जुनी सहकारी उसळली. म्हणाली, "नवा घ्या म्हणणं सोपं आहे. कंपनी मुद्दाम फोन म्हातारा करते आणि आपण तिच्या एजंटसारखं बायांना सांगायचं, नवा घ्या? ज्या बाईची रोजची मजुरी तीनशे आहे तिला काय सांगशील?" दुसरी म्हणाली, "आणि त्या फोनमधून एखादीचा पत्ता बाहेर गेला तर तिच्या नवऱ्याला काय सांगशील?" दोघींचंही बरोबर होतं. त्या दिवशी निर्णय झाला नाही. मला वाटतं ते चांगलंच झालं.

पुढच्या बैठकीत आम्ही प्रश्न बदलला. 'कोणतं अपडेट चांगलं?' असं न विचारता 'या फोनमध्ये काय राहणार आहे, आणि ते बाहेर गेलं किंवा पुसलं गेलं तर कोणाला भोगावं लागेल?' असं विचारलं. मग वाटणी सोपी झाली. केसच्या नोंदी आणि बायांचे फोन येतात त्यासाठी प्रवासखर्चाला कात्री लावून एक साधा नवा फोन घेतला. घेताना कॅमेरा पाहिला नाही, कोणत्या वर्षापर्यंत सुरक्षा अपडेट देणार हे कंपनीच्या जाहीर माहितीत पाहिलं. जुन्यांपैकी एका फोनसाठी लिनिएजओएसची जाहीर, देखभाल चालू असलेली आवृत्ती होती. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका कार्यकर्तीने ती घातली. त्यावर आम्ही गाणी लावतो, मेळाव्याचे फोटो काढतो, नव्या मुलींना शिकवतो. बँक नाही, केस नाही, कोणाचा पत्ता नाही. दुसऱ्याचं सिमकार्ड काढलं, इंटरनेट बंद ठेवलं, तो सभेत आवाज रेकॉर्ड करायला वापरतो. तिसऱ्याची बॅटरी फुगली होती, तो ई-कचऱ्यात दिला.

यात अधिकृत-अनधिकृत दोन्ही आलं, आणि कोणाच्याही जिवावर बेतेल असं काही त्यात राहिलं नाही.

निर्णय घेण्याआधी

आता सगळ्याजणी फोन हातात घ्या. सेटिंग्ज उघडा. खाली 'फोनबद्दल' किंवा 'सिस्टिम' असं काही दिसेल. त्यात 'सॉफ्टवेअर अपडेट' आणि जवळच 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख शोधा. कंपनीगणिक जागा थोडी बदलते. सापडली? पहिल्या रांगेतल्या ताई म्हणतायत, २०२२. मागून कोणी म्हणतंय, गेल्या महिन्याची. ही तारीख म्हणजे फोनची कौलं शेवटची कधी चाळली त्याची नोंद. दर महिन्याला बचतगटाच्या हिशेबाबरोबर ती पाहायची सवय लावा.

तारीख जुनी निघाली म्हणून घाबरून दुकानात धावू नका. आधी पाच प्रश्न विचारा.

एक. कंपनीचं अपडेट खरोखर संपलंय, की जागा नाही, वायफाय नाही म्हणून अडलंय? कित्येकदा 'गुड मॉर्निंग'चे हजार फोटो पुसले की अपडेट होतं.

दोन. या फोनमध्ये काय आहे? पुरावा, बँक, मुलांचे फोटो, कोणाचे पत्ते? पुरावा असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय अपडेटही नको, फ्लॅश मारणं तर नकोच. प्रत दोन ठिकाणी ठेवा, पण मूळ फोनही जपा. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात देताना प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली होतं, आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली. मूळ निरोप ज्या फोनवर आला तोच नाहीसा झाला तर सगळंच अवघड होतं.

तीन. हे सॉफ्टवेअर कोणी बनवलं आणि पुढच्या महिन्याचं ठिगळ कोण देणार? उत्तर 'माहीत नाही' असेल तर आपलंही उत्तर 'नको'.

चार. कोणाच्या हाताने घातलं जाणार? ज्याच्यापासून आपल्याला धोका आहे त्याच्या, किंवा त्याच्या मित्राच्या हातात फोन अनलॉक करून देऊ नका.

पाच. काय बंद पडेल आणि मागे येता येईल का? पगार, रेशन, पैसे ज्या ॲपवर अवलंबून आहेत ते नव्या यंत्रणेत चालेल का, हे घालण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत जुना फोन वापरावा लागला तरी तुम्ही अगदीच उघड्यावर नाही. प्ले स्टोअरवरची ॲप अजून अपडेट होतात, ती करत राहा. नको ती ॲप काढा. बाहेरून आलेली एपीके फाइल घालू नका. जमलं तर बँकेचं काम त्या फोनवर ठेवू नका.

आणि कार्यकर्त्या म्हणून आपल्यासाठी एक सहावा प्रश्न : मी जे सांगतेय ते तिला तिच्या शब्दांत कळलंय का? 'डाटा' म्हणजे तिच्या मते काय, 'अपडेट' म्हणजे काय, हे विचारून घ्या. आपल्या सोयीचा शब्द तिच्यासाठी वेगळ्याच अर्थाचा असू शकतो.

पहिल्या बाईचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणार. तिच्या बहिणीला तिने त्यातले तीन आवाजी निरोप कधीतरी रडत रडत पाठवले होते. बहिणीने ते पुसले नव्हते. शेजारणीने साक्ष द्यायची तयारी दाखवली. केस चालू आहे. जे गेलं त्याची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही. तिने आता दुसरा फोन घेतलाय, वापरलेलाच, पण घेण्याआधी दुकानदाराला तिने विचारलं, "याला कंपनीचं अपडेट कधीपर्यंत आहे?" दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला म्हणे. तिने तारीख सापडेपर्यंत पैसे काढले नाहीत.

कंपनीवर डोळे मिटून विश्वास नको, दुकानातल्या दादावर नको, आणि समुपदेशन केंद्रातल्या ताईवरसुद्धा नको. फोन जिच्या हातात आहे, तिला कळून तिचा निर्णय झाला पाहिजे. तेवढं आपण एकमेकींसाठी केलं तरी पुष्कळ आहे.

चर्चेतून

प्रश्न : दुकानदार तर सगळ्यांना फ्लॅश मारायलाच सांगतात. त्यांच्याशी भांडायचं का?

– भांडू नका, बोलून घ्या. आमच्या गावातल्या दोन दुकानदारांनी आता पाटी लावली आहे : 'सॉफ्टवेअर टाकल्यास फोनमधील फोटो, मेसेज, रेकॉर्डिंग कायमचे जातील.' 'डाटा' हा शब्द त्यांनी काढला. आम्ही दोन वेळा जाऊन बसलो होतो, एवढंच.

प्रश्न : कंपनीचं अपडेट केल्यावर माझा फोन उलट मंद झाला. मग कशाला करायचं?

– मोठ्या अपडेटनंतर जुन्या फोनमध्ये असं होतं. तक्रार रास्त आहे. फोनमध्ये थोडी जागा मोकळी करा, एकदा बंद करून चालू करा. पण या रागापोटी छोटी सुरक्षा अपडेट थांबवू नका. दार करकरतं म्हणून कोणी कडी काढून ठेवत नाही.

प्रश्न : नवऱ्याला फोनमधलं कळतं, मला नाही. त्याच्याकडून करून घेतलं तर काय बिघडलं?

– घरात विश्वास असेल तर काहीच नाही. पण शेजारी बसा आणि तो कुठे काय दाबतो ते पाहा, विचारा. दुसऱ्यांदा तुम्ही दाबा, त्याला शेजारी बसू द्या.